एफटीआयआय विद्यार्थी संप (२०१५)

पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या (एफटीआयआय) विद्यार्थ्यांनी १२ जून ते २८ ऑक्टोबर २०१५ या काळात, १३९ दिवस केलेला संप. ‘महाभारत’ मालिकेत युधिष्ठिर साकारणारे गजेंद्र चौहान यांची केंद्र सरकारने संस्थेच्या अध्यक्षपदी केलेली नियुक्ती हे त्याचे कारण होते. श्याम बेनेगल, अदूर गोपालकृष्णन यांनी भूषविलेल्या या पदासाठी राजकीय निष्ठेऐवजी चित्रपटक्षेत्रातील अधिकार पाहावा, अशी विद्यार्थ्यांची भूमिका होती.

ऑगस्टमध्ये २००८च्या तुकडीच्या अपूर्ण चित्रपटांचे आहे त्या स्थितीत मूल्यमापन करण्याच्या निर्णयावरून विद्यार्थ्यांनी संचालकांना घेराव घातला. या प्रकरणी १८ ऑगस्टच्या मध्यरात्री पोलिसांनी आवारात येऊन पाच विद्यार्थ्यांना अटक केली. वस्तुतः पदवाटपाचा वाद पोलीस ठाण्यापर्यंत गेला तो येथे. सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी उपोषणही केले.

मागणी मान्य न होताच संप मागे घेण्यात आला. ७ जानेवारी २०१६ रोजी चौहान यांनी पदभार स्वीकारला. घेरावाच्या खटल्यात मात्र विद्यार्थी अडकून राहिले. त्यांतील पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला २०२४मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला, तेव्हाही तो खटला प्रलंबितच होता.