रोल घरी धुवा, पण पाण्याचे तपमान सांभाळा

१९९६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. तिथल्या एका वृद्ध बागाइतदाराने स्वतः लावलेल्या आंब्याखाली उभे राहून हौसेने फोटो काढून घेतला. तो कृष्णधवल रोल मी रात्री घरीच धुतला. घाईत तपमान पाहिले नाही. औषध उन्हाळ्याने तापलेले आणि धुवायला घेतले माठातले गार पाणी! फिल्मवरचा थर जाळीसारखा तडकला. त्याच पावसाळ्यात आजोबा वारले. मुलगा फोटो मागायला आला, तेव्हा त्याला द्यायला माझ्याजवळ काही नव्हते.

घरात जुना कॅमेरा असेल आणि मुलांना हा छंद शिकायचा असेल, तर माझी चूक तुम्ही करू नका.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी बनवतो. उरलेले क्षार फिक्सर विरघळवतो. औषध गरम असेल तर निगेटिव्ह फार काळी होते, जिलेटिन मऊ पडते आणि एकदम गार पाणी लागले की सुरकुतते.

कृती अशी करावी. रोल रीळावर गुंडाळून टाकीत भरणे हे काम पूर्ण अंधारातच व्हायला हवे. लाल दिवासुद्धा चालत नाही. रात्री कोठीघराच्या दाराला गोधडी लावावी. टाकीचे झाकण बसले की पुढचे काम उजेडात करता येते.

डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या बाटल्या एकाच घमेल्यात पाण्यात उभ्या कराव्यात. उन्हाळ्यात त्यात बर्फ टाकून सर्व २० अंश सेल्सिअसवर आणावे. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, कारण तो साधारण ३५ अंशांपासून पुढेच दाखवतो. कमी अंश दाखवणारा घ्यावा.

इल्फर्डची एचपी ५ प्लस फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटे ठेवावी. दर मिनिटाला टाकी चार वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करावी. मग साध्या पाण्याने खळबळून रॅपिड फिक्सर तीन ते पाच मिनिटे ठेवावा.

धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटवावी, पाणी ओतावे. पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. टंचाईच्या गावी ही पद्धत फार सोयीची. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर डाग राहतात. म्हणून शेवटी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि फिल्म धूळ नसलेल्या जागी टांगावी.

ही औषधे फवारणीच्या औषधांइतक्याच काळजीने हाताळावीत. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, मुलांचा हात पोहोचू देऊ नये. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

एक शेवटची विनंती. ट्रंकेत वडिलांचा न धुतलेला रोल सापडला, तर शिकायला तो घेऊ नका. आधी दोन-तीन नवे रोल धुऊन हात बसू द्या. तोवर जुना रोल डबीत बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवा. त्यात कोणाचा चेहरा असेल, हे आपल्याला ठाऊक नसते.