विश्लेषण : यकृताचा आजार, मग रुग्ण बरळतो का?

सिरॉसिसचा रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागा असतो. साधा हिशेब चुकतो, विनाकारण चिडतो. घरच्यांना वाटते, वयोमानाने होत असेल. मात्र ही 'हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी'ची, म्हणजे यकृत कमकुवत झाल्याने मेंदूवर होणाऱ्या परिणामाची सुरुवात असू शकते.

असे का होते?

आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. सिरॉसिसमध्ये हे काम मंदावते. काही रक्त तर यकृताला वळसा घालून पुढे जाते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. बद्धकोष्ठता, संसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे किंवा झोपेच्या गोळ्या हे निमित्त ठरते.

निदान कसे होते?

डॉक्टर वार, तारीख, ठिकाण विचारतात. हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगतात. ते फडफडले तर संशय बळावतो. तीव्रता 'वेस्ट हेवन' निकषांनुसार ठरते. त्यातील चौथी श्रेणी म्हणजे कोमा. केवळ अमोनिया वाढला म्हणून निदान पक्के होत नाही. मात्र तो सामान्य असेल तर दुसरे कारण शोधावे लागते. रक्तातील साखर, सोडियम आणि डोक्याला मार लागला आहे का, हेही पाहिले जाते.

उपचार काय?

आधी निमित्त शोधून ते दूर केले जाते. लॅक्टुलोज हे मुख्य औषध. दिवसाला 2 ते 3 वेळा मऊ शौच होईल, असा त्याचा डोस ठेवतात. जुलाब झाले तर उलट त्रास वाढतो. झटका पुन्हा आल्यास रिफॅक्सिमिन जोडतात. आजार बळावल्यास यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो.

डाळ, दूध बंद करायचे का?

नाही. हा जुना समज आजही अनेक घरांत पाळला जातो. प्रथिने तोडली की स्नायू झिजतात आणि अमोनिया निकामी करण्यात स्नायूंचाही वाटा असतो. दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला 72 ते 90 ग्रॅम, असा सल्ला दिला जातो. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही उपयोगी ठरते.

घरच्यांनी काय करावे?

शौचाची आणि झोपेची रोज नोंद ठेवा. झोपेची गोळी परस्पर देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. गुंगी, असंबद्ध बोलणे, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गुंगीतील रुग्णाच्या तोंडात औषध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.