देहदान आणि शवरक्षण

बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या गावातही आता एखादा वृद्ध भाविक विचारू लागला आहे, "फादर, मी माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला, तर पुनरुत्थानाच्या दिवशी माझे काय?" उत्तर देण्यापूर्वी तेथे देहाचे काय होते, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

शवरक्षण पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. याकोबाच्या देहात मसाले भरण्यास मिसरी वैद्यांना चाळीस दिवस लागले, असे उत्पत्तीच्या 50व्या अध्यायात आहे. तो देह जपण्यासाठी होता, अभ्यासासाठी नव्हे. सुश्रुताची रीत याउलट: मुंज गवतात गुंडाळलेले प्रेत पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे आणि चांगले कुजल्यावर कुंचल्याने एकेक थर घासून पाहावा. टिकवूनही शिकता येईल असा मार्ग सतराव्या शतकात मद्यार्काने दाखविला. पुढे 1893 साली फर्डिनांड ब्लुम या जर्मन वैद्याने फॉर्मालिन हाताळताना स्वतःच्याच बोटांची कातडी कठीण झालेली पाहिली आणि त्यातून आजची पद्धत निघाली. मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून हा द्राव देहात सोडतात. तो शरीरातील प्रथिने एकमेकांशी घट्ट बांधतो व कुजणे थांबते. त्यासाठी देह मृत्यूनंतर काही तासांतच पोचावा लागतो.

पूर्वी हे देह बहुतांशी बेवारशी असत. बेळगाव मुंबई राज्यात असताना 1949च्या कायद्याने आणि नंतर म्हैसूर राज्याच्या 1957च्या कायद्याने तशी तरतूद केली. म्हणजे या विद्येचा भार दीर्घकाळ निराधारांनी वाहिला, आणि तोही न विचारता. हे आम्हांस बोचते. म्हणूनच 2010 साली बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. महांतेश रामण्णवर यांनी, वडिलांच्याच इच्छेनुसार, त्यांच्या दोन वर्षे जतन केलेल्या देहाचे विच्छेदन केले, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आता त्या वृद्धाचा प्रश्न. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेणाऱ्यांना ठाऊक असते की, त्यांच्या उजव्या हाताचा भाग 1614 साली रोमला नेण्यात आला. म्हणून त्यांचे पुनरुत्थान अर्धे होईल, असे कोणी मानीत नाही. संत पौलाने मातीत पडणाऱ्या दाण्याचा दृष्टांत दिला तो याच शंकेपुढे. ख्रिस्तसभेच्या 1992च्या धर्मशिक्षाग्रंथानेही शास्त्रीय संशोधनासाठी शवविच्छेदन ग्राह्य मानले असून स्वेच्छेने केलेले मरणोत्तर अवयवदान पुण्यप्रद ठरू शकते, असे म्हटले आहे.

अडचण येते ती घरच्यांची. देह घाईने न्यावा लागत असल्याने अंत्यप्रार्थना घरीच उरकावी लागते. मिस्साबली नंतर अर्पण करता येतो. अवशेषांचे पुढे काय होणार, हे महाविद्यालयाकडे आधीच विचारून ठेवावे, आणि विचारताना धर्मगुरूंनी कुटुंबाबरोबर जावे.