अल्बममधलं रिकामं पान

यंदा दिवाळीच्या साफसफाईत लॉफ्टमधून माझे तिकिटांचे अल्बम खाली आले. बारा वर्षांच्या नातीने एक उघडला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही फिजिक्सचे प्रोफेसर ना? मग यात डालेक काय करतोय?"

प्रश्न रास्त होता. मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसलो ते त्याचंच उत्तर द्यायला.

सुरुवात पुण्यात झाली. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकाजवळ रशियन तिकिटांची पाकिटं स्वस्तात मिळत. त्यातल्या एका संचावर कल्पनेतल्या अंतराळाची चित्रं होती. 1967 चा हा संच अलेक्सी लिओनोव्ह आणि आंद्रेई सोकोलोव्ह यांच्या चित्रांवरून केलेला. लिओनोव्ह म्हणजे मार्च 1965 मध्ये यानातून बाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला माणूस. जो स्वतः तिथे जाऊन आला, तोच पुढची स्वप्नंही रंगवतो, याची मला फार गंमत वाटली. तेव्हापासून विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची तिकिटं जमवू लागलो. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न लहानपणीच भेटला होता. फ्रान्सच्या 1955 च्या तिकिटावर तो दिसला तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखं झालं.

इंग्लंडला आल्यावर तर खजिनाच सापडला. 1999 च्या एका संचात डालेक आहे आणि त्याच संचात आपल्या पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरीही. राजघराण्याबाहेरची जिवंत व्यक्ती तिकिटावर येऊ नये, असा तेव्हा इथला संकेत होता. फ्रेडीच्या मागे त्याचा ड्रमवादक अंधुक दिसतो आणि तो हयात, म्हणून बरीच कुरकुर झाली. डालेकबद्दल मात्र ही अडचण नव्हती! 2004 मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आला, 2007 मध्ये हॅरी पॉटर. 2013 मध्ये 'डॉक्टर हू'चे अकराही डॉक्टर तिकिटांवर आले तेव्हा त्यातले अनेक नट हयात होते. संकेत बदलला होता.

या छंदात मी फसलोही आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्याच्या लहानसहान भागांच्या नावाने भाराभर तिकिटं बाजारात आली. अबखाझियाच्या नावाने तर मार्क्स-लेनिनऐवजी ग्राउचो मार्क्स आणि जॉन लेनन निघाले! असाच एक यानांचा चकचकीत संच मी एका प्रदर्शनात बरेच पौंड मोजून घेतला. कुठल्याही टपालखात्याने तो काढलेला नव्हता, हे नंतर कळलं. 2002 पासून जागतिक टपाल संघटनेने खऱ्या तिकिटांना क्रमांक देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. नव्याने जमवणाऱ्यांनी आधी ती नोंद बघावी, मग पाकिटात हात घालावा.

माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र बाजारात दोन-चार पौंडांची आहे. 1995 मध्ये 'द टाइम मशीन'ला शंभर वर्षं झाली, तेव्हा एच. जी. वेल्सच्या कथांवर चार तिकिटं निघाली. मी चारही लावून बाबांना पुण्याला पत्र धाडलं. उत्तर आलं, "एवढी तिकिटं कशाला? पैसे झाडाला लागलेत का?" एरवी बाबा माझ्या पत्रांवरची तिकिटं कापून वहीत ठेवत. ते गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना हे पाकीट मिळालं. त्याला कात्री लावलेली नव्हती. आत माझं पत्र तसंच घडी घातलेलं.

नातीला ते पाकीट दाखवलं. पत्र तिला वाचता आलं नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. पुढचं पान उलटलं तर त्यावर एकच तिकीट, भारताचं, 1958 चं: जगदीशचंद्र बोस. तिला सांगितलं, या शास्त्रज्ञाने 1896 मध्ये केसांच्या तेलाच्या एका कंपनीने ठेवलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत विज्ञानकथा लिहिली. त्यात वादळ शमतं ते तेलाच्या बाटलीने! शेजारचं पान रिकामं आहे. ते मी जयंत नारळीकरांसाठी ठेवलंय. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं फक्त उलटी केली होती. बोस आणि नारळीकर, दोघंही केंब्रिजला शिकलेले, आणि दोघांनीही कथा लिहिली ती आपापल्या मातृभाषेत. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. पान अजून कोरंच आहे.

"मग मला आधी ती गोष्ट वाचून दाखवा," नात म्हणाली. आता दर रविवारी फोनवर आमचं वाचन चालतं. अल्बम कोणाला द्यायचा, ही काळजी थोडी कमी झाली आहे.

जाता जाता एक विनंती. घर आवरताना गावाकडची जुनी पत्रं हाती लागली, तर तिकिटासाठी पाकीट कापू नका. आणि मुलांना आतलं पत्र वाचून दाखवा.