विश्लेषण : मोबाइल नाही, गरम पाण्यासाठी लाकडं फोडा! ऑस्ट्रेलियातील ‘या’ शाळेत नववीचं वर्ष डोंगरात का जातं?

आपल्याकडे मूल नववीत गेलं की घरात दहावीची चर्चा सुरू होते. क्लास ठरतो, सुट्टीतली बॅच लागते, खेळ बंद होतो. ऑस्ट्रेलियातील जिलाँग ग्रामर स्कूलमध्ये मात्र नववीची सगळी मुलं-मुली घर सोडून वर्षभरासाठी डोंगरात राहायला जातात. तिथे मोबाइल नसतो, समाजमाध्यमं नसतात. अंघोळीला गरम पाणी हवं असेल, तर आधी कुऱ्हाड हातात घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवण्यास बंदी घातली. त्यामुळे मुलांच्या हातातला फोन हा जगभर चर्चेचा विषय झाला आहे. या शाळेत ही प्रथा मोबाइलचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून, १९५३ पासून सुरू आहे. ती नेमकी काय आहे आणि तिच्यावर कोणते प्रश्न उपस्थित होतात, ते समजून घेऊया.

ही शाळा कोणती?

जिलाँग ग्रामर ही व्हिक्टोरिया राज्यातील अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली शाळा. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स स्कूलची मुळंही याच परंपरेत आहेत. जिलाँगची शाळा १८५५ मध्ये सुरू झाली. पैशांअभावी १८६० मध्ये ती बंद पडली आणि १८६३ मध्ये पुन्हा उघडली. १९१४ मध्ये शाळा जिलाँग शहराबाहेर कोरिओ इथे गेली. आजही मुख्य संकुल तिथेच आहे.

ही शाळा दीर्घकाळ मुलांचीच होती. १९७० च्या दशकात मुलींना प्रवेश मिळू लागला आणि १९७६ मध्ये मुलींच्या दोन शाळा, द हर्मिटेज आणि क्लाइड, तिच्यात विलीन झाल्या. कोरिओत काही विद्यार्थी वसतिगृहात राहतात, तर काही रोज घरून ये-जा करतात. दोघांचीही ‘हाउस’मध्ये विभागणी असते. चॅपलमधली प्रार्थना, हाउसमधली चुरस, खेळाची मैदानं हे सगळं अशा कोणत्याही शाळेसारखंच. वेगळेपण सुरू होतं ते नववीत.

टिंबरटॉप म्हणजे काय?

मेलबर्नच्या ईशान्येला, मॅन्सफील्ड गावाजवळच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी शाळेचं दुसरं संकुल आहे. त्याचं नाव टिंबरटॉप. नववीचं पूर्ण वर्ष इथे काढावं लागतं. एरवी रोज घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यातून सूट नाही. त्या वर्षी सगळेच निवासी.

मुलं आणि मुली वेगवेगळ्या घरांत राहतात. या घराला ‘युनिट’ म्हणतात. एका युनिटमध्ये साधारण १५ जण असतात. झाडलोट, स्वच्छता, लाकूडफाटा ही कामं आपापसांत वाटून घ्यायची. घरच्यांशी बोलायचं, तर हाताने पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट पाहायची.

गरम पाण्याचं गणित काय?

युनिटमधलं पाणी लाकडावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये तापतं. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचा हा मोठा भाऊ. ओंडके फोडायचे, ढलप्या काढायच्या, लाकूड पावसापासून वाचवून रचून ठेवायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने वेळेवर जाळ करायचा. ओलं लाकूड धूर करतं, उष्णता देत नाही. त्यामुळे आजच्या अंघोळीची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

पाळी असलेल्याने आळस केला, तर शिक्षकाने रागावण्याची गरज उरत नाही. त्या संध्याकाळी अख्खं युनिट गार पाण्याने अंघोळ करतं. ऑस्ट्रेलियात जून ते ऑगस्ट हिवाळा असतो आणि आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ पडतो. अशा वेळी एकाच्या चुकीचा अर्थ सगळ्यांना लगेच कळतो. इथली शिस्त नियमांच्या पाटीपेक्षा या व्यवस्थेतून जास्त येते.

मग अभ्यासाचं काय?

अभ्यास बंद नसतो. आठवड्याच्या दिवसांत वर्ग भरतात. त्याच्या जोडीला नियमित धावणं आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातली पदभ्रमंती असते. तंबू, शिधा, स्टोव्ह सगळं स्वतःच्या पाठीवर. सुरुवातीचे ट्रेक छोटे असतात. वर्ष सरत जातं तसे ते लांबतात आणि वाट ठरवण्याची जबाबदारी मुलांकडे येते. वर्षाच्या शेवटी सुमारे ३० किलोमीटरची दौड असते. फेब्रुवारीत धाप लागणारी मुलं डिसेंबरच्या सुमारास हे अंतर धावतात.

ही कल्पना कुणाची?

जेम्स डार्लिंग हे १९३० ते १९६१ अशी तीन दशकं शाळेचे मुख्याध्यापक होते. पौगंडावस्थेतल्या मुलांना वर्गाच्या चार भिंतींबाहेरची जबाबदारी द्यायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. स्कॉटलंडमध्ये कुर्ट हान यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या गॉर्डनस्टन शाळेतही कष्ट आणि निसर्ग यांवर असाच भर होता.

या दोन शाळांना जोडणारा एक विद्यार्थी पुढे ब्रिटनचा राजा झाला. गॉर्डनस्टनमध्ये शिकणारे प्रिन्स चार्ल्स १९६६ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, दोन सत्रांसाठी टिंबरटॉपला आले. गॉर्डनस्टनमध्ये त्यांचं मन रमलं नव्हतं. टिंबरटॉपबद्दल मात्र ते पुढेही आपुलकीने बोलत राहिले. माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक आणि माजी पंतप्रधान जॉन गॉर्टन हेदेखील जिलाँग ग्रामरचेच विद्यार्थी, पण ते टिंबरटॉप सुरू होण्याआधीचे.

यावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप पैशांचा. ही ऑस्ट्रेलियातील सर्वांत महागड्या शाळांपैकी एक आहे. लाकूड फोडणं, पाणी तापवणं, डोंगर चढणं ही कामं जगातली लाखो मुलं नाइलाजाने करतात. तीच कामं इथे श्रीमंत घरातली मुलं भरमसाट शुल्क देऊन शिकतात, ही टीका नवी नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरापासून दूर, बंदिस्त संस्थेत राहणाऱ्या मुलाने तक्रार कुणाकडे करायची? ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१५ मध्ये जिलाँग ग्रामरबाबतही जाहीर सुनावणी घेतली. अनेक वर्षांपूर्वीच्या अत्याचारांबद्दल माजी विद्यार्थ्यांनी तिथे साक्ष दिली. फोन नसलेल्या जागेत मुलांचं म्हणणं ऐकणारी विश्वासार्ह व्यवस्था असायलाच हवी, हा मुद्दा त्यामुळे कोणत्याही निवासी शाळेला टाळता येत नाही.

तिसरा मुद्दा स्वभावाचा. घरची ओढ, एकटेपणा, गटातली दादागिरी हे सगळं डोंगरातही असतं. काही मुलं यातून खुलतात, काहींना हे वर्ष जड जातं.

सामान्य घरातल्या मुलांचं काय?

व्हिक्टोरियाच्या सरकारने यावर आपल्या परीने उत्तर शोधलं. २००० मध्ये डिनर प्लेन या डोंगराळ ठिकाणी सरकारी अल्पाइन स्कूल सुरू झालं. सरकारी शाळांतील नववीचे विद्यार्थी तिथे एका सत्रासाठी राहतात आणि नेतृत्व, सहजीवन शिकून आपल्या शाळेत परततात. याच राज्याने २०२० पासून सरकारी शाळांमध्ये शाळेच्या वेळेत मोबाइल वापरण्यावर बंदी आणली.

पालकांनी यातून काय घ्यायचं?

टिंबरटॉपमध्ये फोन काढून घेतला जातो, पण त्याच वेळी मुलाच्या हातात कुऱ्हाड, नकाशा आणि १५ जणांच्या गरम पाण्याची जबाबदारीही दिली जाते. नुसती बंदी आणि ही व्यवस्था यात हाच फरक आहे. त्यासाठी डोंगर किंवा महागडी शाळाच हवी असंही नाही. घरात फोनची वेळ ठरवताना एक प्रश्न जोडीला विचारता येईल : रिकाम्या झालेल्या वेळात नववीतल्या मुलाकडे असं कोणतं काम आहे, जे त्याने केलं नाही तर घरातल्या बाकीच्यांचं अडेल?