गळक्या फवाऱ्यामुळे भिंतीत मुरणारा ओलावा : कारणमीमांसा व उपाय

शहरांतील सदनिकांमध्ये न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर प्रथम ओलसर डाग उमटावा, मग रंगाचे पोपडे निघावेत व शेवटी पांढरा लोणा फुटावा, हा क्रम सर्वपरिचित आहे. डाग दिसताच तेथील गिलावा खरवडून त्यावर जलरोधक रंग चढविण्याची पद्धतही तितकीच रूढ आहे. हा उपाय बहुधा निष्फळ ठरतो. कारण डागाचे स्थान आणि गळतीचे स्थान ही पुष्कळदा भिन्न असतात.

वीट व गिलावा हे पदार्थ सच्छिद्र असून त्यांच्या सूक्ष्म रंध्रांत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते. भिंतीत मात्र रंध्रांची अनियमितता व बाष्पीभवन यांमुळे ही उंची बरीच कमी राहते. लूकास (१९१८) व वॉशबर्न (१९२१) यांनी मांडलेल्या संबंधानुसार शोषित पाण्याने आक्रमिलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट अंतरास चौपट काळ लागतो. परिणामी गळती सुरू झाल्यावर डाग विलंबाने दिसतो, आणि गळती थांबल्यावरही तो काही काळ पसरत राहतो. निदानातील बहुतेक चुका या विलंबातून उद्भवतात.

फवाऱ्याशी निगडित गळतीचे चार उगम संभवतात : (१) कॉकपर्यंत येणारा नळ, (२) कॉकपासून फवाऱ्यापर्यंतचा भिंतीत गाडलेला नळ, (३) लाद्यांच्या दरजा, आणि (४) नहाणी ट्रॅप व फरशीखालील जलरोधक थर. पहिल्या नळात पाण्याचा दाब सदैव असतो. म्हणून घर बंद असतानाही ओल वाढत असेल, तर दोष तेथे शोधावा. सेकंदास एक थेंब गळाला व वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकाठी सुमारे ४.३ लिटर पाणी भिंतीत जाते. उरलेले तीन उगम स्नानाच्या वेळीच कार्यान्वित होतात. त्यांचा निर्णय क्रमाने करावा. प्रथम फवाऱ्याचे पाणी थेट बादलीत घेऊन लाद्या कोरड्या ठेवाव्यात. ओल वाढल्यास गाडलेला नळ सदोष होय. नंतर फवारा बंद ठेवून लाद्यांवर तांब्याने पाणी ओतावे. अखेरीस ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवावे; त्यानेही ओल न वाढल्यास ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडून पाहावे. दोन परीक्षांमध्ये काही दिवसांचे अंतर आवश्यक आहे. अन्यथा आधीच्या परीक्षेचा परिणाम नंतरच्या परीक्षेच्या नावे जमा होतो.

उगम दुरुस्त केल्यावरही भिंत तत्काळ कोरडी होत नाही. एक इंच जाडीस एक महिना, हा शुष्कनाचा ढोबळ ठोकताळा आहे. कोकणपट्टीतील दमट पावसाळ्यात त्याहूनही अधिक काळ लागतो. या अवधीत खोलीत वारा खेळता ठेवावा, लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा व क्षारग्रस्त गिलावा काढून टाकावा. लोणा पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. ओल्या भिंतीस जलरोधक लेप दिल्यास बाष्पीभवनाचा तो मार्ग खुंटतो. मग पाणी लेपाच्या कडेने किंवा भिंतीच्या दुसऱ्या अंगाने बाहेर पडते.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. न्हाणीघराच्या खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये मुरलेले पाणी लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचते. काँक्रीटची अल्कता त्यांचे रक्षण करते. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ती घटली, की ओलावा व प्राणवायू यांच्या योगाने सळ्या गंजू लागतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने काँक्रीट फुटून खालच्या मजल्यावर त्याचे तुकडे पडण्याचा संभव असतो. रंगाखाली झाकलेला डाग हा धोका दृष्टीआड करतो, दूर करीत नाही. म्हणून निदान, दुरुस्ती, शुष्कन व शेवटी लेपन, हाच क्रम शास्त्रशुद्ध होय.