३,३५,५०,३३६ : पाचव्या परिपूर्ण संख्येविषयीचे गैरसमज

ज्या संख्येच्या, स्वतःखेरीज, सर्व विभाजकांची बेरीज पुन्हा तीच संख्या येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. १ + २ + ३ = ६, म्हणून ६ परिपूर्ण. पुढे २८, ४९६ आणि ८,१२८ येतात. पाचवी परिपूर्ण संख्या ३,३५,५०,३३६.

गैरसमज : एवढ्या मोठ्या संख्येची परिपूर्णता संगणकाशिवाय पडताळता येत नाही.
वस्तुस्थिती : ही संख्या म्हणजे ४,०९६ × ८,१९१. पैकी ४,०९६ हा २ चा बारावा घात आणि ८,१९१ ही मूळ संख्या. त्यामुळे विभाजक फक्त २६ : १, २, ४ पासून ४,०९६ पर्यंतचे तेरा आणि त्यांची प्रत्येकी ८,१९१ पट. पहिल्या तेरांची बेरीज ८,१९१ होते. म्हणून सर्वांची बेरीज ८,१९१ × ८,१९२ = ६,७१,००,६७२, म्हणजे ३,३५,५०,३३६ ची बरोबर दुप्पट. त्यातून ती संख्या स्वतः वजा केली की ३,३५,५०,३३६ उरतात.

गैरसमज : प्रत्येक अंकसंख्येची एकच परिपूर्ण संख्या असते आणि शेवटी ६ व ८ आलटून पालटून येतात.
वस्तुस्थिती : इ. स. १०० च्या सुमारास गणितज्ञ निकोमेकसने असे मांडले होते. पहिल्या चार संख्या त्यात बसतात. पाचवी मात्र पाच अंकी नसून आठ अंकी आहे. सहावी, ८,५८,९८,६९,०५६, पाचवीप्रमाणेच ६ वर संपते. सम परिपूर्ण संख्येच्या शेवटी ६ किंवा ८ च येतो, एवढेच खरे.

गैरसमज : २ चा घातांक मूळ असला की त्यापासून परिपूर्ण संख्या मिळतेच.
वस्तुस्थिती : २ च्या त्या घातातून १ वजा करून येणारी संख्याही मूळ असावी लागते (८,१९१ ही २ च्या तेराव्या घातातून १ वजा करून येते); मगच तिला २ च्या एकाने लहान घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. घातांक २, ३, ५, ७ आणि १३ घेतल्यास ती तशी येते. ११ घेतल्यास २,०४७ = २३ × ८९ मिळते आणि साखळी तुटते. ८,१२८ नंतर थेट कोटींत उडी पडते ती यामुळेच.

गैरसमज : परिपूर्ण संख्या इतर कोणत्याही प्रकारात मोडत नाही.
वस्तुस्थिती : ३,३५,५०,३३६ ही त्रिकोणी संख्याही आहे, १ ते ८,१९१ यांची बेरीज तेवढीच येते. १ ते १२७ या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीजही तीच. द्विमान पद्धतीत ती तेरा १ आणि त्यापुढे बारा ० अशी लिहितात. पूर्ण वर्ग मात्र ती नाही, कारण अवयवांत ८,१९१ एकदाच येतो.

गैरसमज : विषम परिपूर्ण संख्या नसते हे सिद्ध झाले आहे.
वस्तुस्थिती : वरील रीतीने परिपूर्ण संख्या मिळतात हे युक्लिडने दाखवले, सर्व सम परिपूर्ण संख्या याच रूपाच्या असतात हे अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केले. विषम संख्यांबाबत तशी सिद्धता नाही. १० च्या १,५०० व्या घातापर्यंत एकही विषम परिपूर्ण संख्या नाही, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. त्यापलीकडचा प्रश्न अजून खुला आहे.